शेतापासून गाळ्यापर्यंत: शेतकरी गटाने भाजीपाल्याच्या वाहतुकीची आखणी कशी करावी

सिन्नर, निफाड, जुन्नर, पुरंदर या तालुक्यांतून रोज रात्री भाजीपाल्याच्या गाड्या मुंबई-पुण्याकडे निघतात. या प्रवासाचा मधला भाग गेल्या काही वर्षांत झपाट्याने सुधारला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. कसारा घाटात रांगेत उभी राहणारी गाडी आता इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून खाली उतरते. तरीही टोमॅटो दबतो, कोथिंबीर पिवळी पडते, गाडी दोन तास उभी राहते, आणि या गोष्टी बहुतेक वेळा महामार्गावर होत नाहीत. वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे पहिले चार-पाच किलोमीटर आणि शहराच्या तोंडापासून गाळ्यापर्यंतचा शेवटचा तुकडा, या दोन ठिकाणी माल आणि पैसा जातो. म्हणून आखणीची मेहनत या दोन टोकांवर करायची.

उदाहरणासाठी सिन्नर तालुक्यातला एक गट धरू. रोज सुमारे तीन टन टोमॅटो, विक्री वाशीच्या बाजार समितीत. पीक आणि बाजार वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

आधी रस्ता मोजा

भाड्याची बोलणी करण्याआधी एक माणूस, एक मोटारसायकल, एक मोजपट्टी आणि वही एवढे घेऊन शेतापासून महामार्गापर्यंत जा. दोनदा जा: एकदा उजेडात, एकदा गाडी ज्या वेळी निघणार त्या वेळी. टिपायच्या गोष्टी अशा.

रस्त्याची रुंदी. ग्रामीण भागातला एकपदरी डांबरी रस्ता साधारण ३.७५ मीटर रुंद असतो, काही ठिकाणी ३ मीटरच. ट्रकच्या बॉडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. म्हणजे समोरून दुसरी गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावेच लागते. साइडपट्टी खचलेली असेल, तर भरलेली गाडी तिथे कलंडते आणि वरच्या थराचे कॅरेट सरकतात. दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील अशा जागा कुठे आहेत ते नकाशावर मांडा. ऊस गळीत हंगामात याच रस्त्यावर बैलगाड्या आणि डबल ट्रॉली असतात, तेव्हा हा नकाशा चालकाच्या हातात हवा.

मोऱ्या आणि फरशी पूल. मोरीची रुंदी, कठड्याची अवस्था आणि पावसाळ्यात पाणी किती वर येते याची खूण. ही माहिती शेजारच्या घरात विचारली की लगेच मिळते.

उंची. गावातून जाणाऱ्या खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा, कमानी, आणि रेल्वेखालचे भुयारी मार्ग. फाटक बंद करून भुयारी मार्ग झाला की उन्हाळ्यात सोय होते, पण जुलैमध्ये त्यात कमरेएवढे पाणी साचू शकते. असा मार्ग वाटेत असेल तर पावसाळ्याचा रस्ता वेगळा ठरवून ठेवा.

वळणे. गावठाणातले काटकोनी वळण पिकअपला जमते, १७ फुटी आयशर ट्रकला दोन-तीनदा मागे-पुढे करावे लागते, आणि दहा चाकी ट्रक आत घेऊच नये.

पाणंद. काळ्या मातीची पाणंद पाऊस पडला की फुगते आणि चाक रुतते. मुरूम टाकलेली पाणंदही पहिल्या दोन पावसांनंतर तपासा. इथून मोठी गाडी न्यायची की डांबरीवर उभी करून माल ट्रॅक्टरने आणायचा, हा निर्णय पिकाच्या सुरुवातीलाच घ्या. पहाटे रुतलेली गाडी काढायला दुसरा ट्रॅक्टर शोधण्याच्या वेळेत बाजार उलटून जातो.

समृद्धीसारख्या प्रवेश-नियंत्रित रस्त्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा: तो शेताला लागून गेला तरी शेतातून त्यावर चढता येत नाही. इंटरचेंजपर्यंत जावे लागते, आणि दोन इंटरचेंजमधले अंतर वीस-तीस किलोमीटर असू शकते. ट्रॅक्टर, तीनचाकी आणि दुचाकीला तिथे प्रवेशच नाही. त्यामुळे गावापासून इंटरचेंजपर्यंतचा जिल्हा मार्ग कसा आहे, यावर महामार्गाचा फायदा गटाला मिळणार की नाही ते ठरते. सिन्नरच्या गटासाठी गोंदे इथला इंटरचेंज. तिथवर जायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा.

माल गोळा करायची जागा

दहा-बारा शेतकऱ्यांच्या बांधावर गाडी फिरवणे हा सगळ्यात महागडा प्रकार आहे. प्रत्येक थांब्याला वीस मिनिटे धरली तरी चार तास जातात, आणि पहिला भरलेला माल तेवढा वेळ उभ्या गाडीत तापतो. त्याऐवजी डांबरीला लागून, मोठी गाडी वळेल एवढी मोकळी जागा घ्या. साधारण २५ मीटर लांब-रुंद पटांगण असले की मधल्या आकाराचा ट्रक एका फेऱ्यात वळतो. त्यावर पत्र्याचे किंवा शेडनेटचे छप्पर, पायाखाली मुरूम आणि फरशी, आणि गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा. ओटा नसेल तर प्रत्येक कॅरेट खालून वर उचलावा लागतो. हमाल दमतो आणि शेवटचे पन्नास कॅरेट आदळत भरले जातात.

विजेचा विचार जागा घेण्याआधी करा. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री-फेज वीज दिवसा आठ किंवा रात्री दहा तासच असते. त्या फीडरवर शीतखोली चालत नाही. आतला माल गार-गरम होत राहतो आणि त्यावर पाणी सुटून बुरशी धरते. गावठाण फीडरवरून जोडणी मिळेल का, ते महावितरणच्या शाखा कार्यालयात आधी विचारा. जोडणी कोणत्या दराची असेल तेही विचारून तो दर हिशोबात घ्या, आणि जनित्राचा खर्चही धरा.

शीतखोलीचा खर्च झेपत नसेल आणि माल पालेभाजीसारखा थोडा पण नाजूक असेल, तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली ही रचना गवंडी एका दिवसात उभी करतो. १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा विटांचा तळ, त्यावर ६७.५ सेंटिमीटर उंचीची दुहेरी भिंत, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटरची पोकळी. पोकळीत नदीची स्वच्छ वाळू भरायची, वाळू आणि विटा पाण्याने पूर्ण भिजवायच्या, वर बांबूच्या चौकटीवर ओले गोणपाट टाकायचे आणि सगळ्यावर सावलीचे छप्पर करायचे. सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहिले की कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. क्षमता साधारण १०० किलो. कोरड्या हवेत हा कक्ष उत्तम चालतो. पावसाळ्यात आणि कोकणाच्या दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही फारसा मिळत नाही. वाळूत माती असेल तर पोकळीत चिखल होतो आणि हवा अडते. वाळू धुऊनच भरा.

कॅरेट: किती लागतील, कसे भरायचे

टोमॅटोसाठी वापरला जाणारा प्लॅस्टिकचा कॅरेट बाहेरून ५४ बाय ३६ सेंटिमीटर आणि २९ सेंटिमीटर उंच असतो. त्यात २० किलो माल नीट बसतो. आणखी दोन-तीन किलो कोंबता येतो, पण मग फळ कडेच्या वर येते आणि वरचा कॅरेट त्याच्यावर बसतो. सगळ्या थरांचे वजन त्या एका थराच्या फळांवर येते. फळ कडेच्या दोन बोटे खाली राहिले पाहिजे, हा नियम तोडणीच्या जागीच पाळा. संकलन केंद्रावर आल्यावर कॅरेट कमी करत बसायला वेळ नसतो.

रोज लागणाऱ्या कॅरेटपेक्षा विकत घ्यायचे कॅरेट कितीतरी जास्त असतात. सोमवारी गेलेला कॅरेट बुधवारी रात्री परत येत असेल, तर फेरी तीन दिवसांची. रोज १५० कॅरेट जाणार असतील, तर १५० गुणिले ३, म्हणजे ४५०, अधिक तुटफूट आणि हरवलेल्यांसाठी दहा टक्के: सुमारे ५००. एवढे नसतील तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी गोणीत टोमॅटो भरतो आणि त्या दिवशीचा भाव पडतो. प्रत्येक कॅरेटवर गटाचे नाव आणि क्रमांक ऑइलपेंटने दोन बाजूंना लिहा. गाळ्यावर एकाच रंगाचे हजारो कॅरेट असतात, नाव नसलेला कॅरेट परत येत नाही. आडत्याकडे किती कॅरेट उतरले आणि किती परत मिळाले याचा तक्ता पट्टीबरोबर, म्हणजे आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशोबाच्या पावतीबरोबर, रोज जुळवा.

रिकामे कॅरेट आठवड्यातून एकदा क्लोरीनच्या पाण्याने धुवा. कोपऱ्यात कुजलेल्या फळाचा रस राहतो आणि पुढच्या मालाला सड लागते.

गाडी कोणती आणि ती कशी भरायची

छोटा हत्ती पाऊण टनाचा, पिकअप सव्वा ते पावणेदोन टनाची, १४ फुटी आयशर अडीच-तीन टनांच्या पुढे, हे सगळे अंदाज. खरी क्षमता आर.सी. बुकवर लिहिलेली असते: एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. रिकाम्या वजनाची नोंद झाल्यानंतर बॉडी उंच केली असेल, फाळके जोडले असतील, तर वजनकाट्यावर गाडी रिकामी मोजून घ्या. कॅरेटचे स्वतःचे वजनही मोजा. पावणेदोन किलोचे १५० कॅरेट म्हणजे २६० किलोच्या वर.

१४ फूट बाय ६ फूट बॉडीत कॅरेट लावायची पद्धत अशी. कॅरेटची लांब बाजू गाडीच्या लांबीकडे करा. रुंदीत पाच बसतात, लांबीत सात ओळी: ३५ कॅरेट. मागे साधारण ४९ सेंटिमीटर जागा उरते. तिथे एक ओळ आडवी लावा, तीन कॅरेट बसतात. म्हणजे थराला ३८ आणि चार थरांत १५२. ती आडवी ओळ लावली नाही, तर ब्रेक आणि चढ-उताराला सगळा माल अर्धा-अर्धा फूट पुढे-मागे सरकतो आणि कॅरेटच्या कडा फुटतात. राहिलेल्या फटीत भरलेली पोती किंवा लाकडी ठोकळे घाला. मग वरून जाळी, आणि दोरी दर दोन ओळींवर आडवी.

स्प्रिंगपाट्यांच्या गाडीत सगळ्यात जास्त हादरे मागच्या चाकांच्या वर आणि त्याच्या मागे बसतात, तेही वरच्या थराला. म्हणून पिकलेला, लाल माल पुढे आणि खाली ठेवा. देठाकडे हिरवा आणि बुडाशी नुकती गुलाबी छटा आलेला कडक माल मागे आणि वर. आणखी एक गोष्ट चालकांना ठाऊक असते, पण भाडे ठरवताना कोणी विचारत नाही: अर्धी भरलेली मोठी गाडी पूर्ण भरलेल्या लहान गाडीपेक्षा जास्त उडते, कारण पाटे भारासाठी बनवलेले असतात. दीड टन मालासाठी आयशर स्वस्तात मिळाली तरी पिकअप घ्या.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बहुतेक वेळा पाटे नसतात. पाणंदीतून ट्रॉलीने कॅरेट आणायचे तर दोनच थर, तळाला पेंढ्याचा किंवा जुन्या गोणपाटांचा जाड थर, आणि माणूस झपाझप चालेल त्यापेक्षा वेग जास्त नको.

माल नेमका कुठे बिघडतो हे अंदाजाने ठरवू नका. पाच कॅरेटना रंगीत चिंधी बांधा आणि प्रत्येकात मोजून फळे भरा. २० किलोंत साधारण अडीचशे येतात. एक तळाला पुढे, एक तळाला मागे, एक मधल्या थरात, दोन वर मागे. फुटलेली, दबलेली फळे तीन जागी मोजा: ट्रॉलीतून उतरताना, गाडीत चढवताना आणि गाळ्यावर. आठवडाभर हे केले की तीन टप्प्यांपैकी पैसे कुठे खर्च करायचे ते आकडेच सांगतात. ट्रॉलीतच नुकसान होत असेल तर चांगली गाडी ठरवून उपयोग नाही, पाणंदीवर मुरूम टाकावा लागेल.

वेळेचा हिशोब उलटा करा

वाशीच्या भाजीपाला बाजारात व्यवहार पहाटे जोरात असतो. माल रात्री दोन-तीनपर्यंत उतरलेला हवा. तिथून मागे या. आमणे ते वाशी रात्री सव्वा तास, गोंदे ते आमणे दोन-सव्वादोन तास, गावापासून इंटरचेंजपर्यंत मोजलेला वेळ, आणि अर्धा तास हातचा. म्हणजे गाडी साडेनऊ-दहाला निघाली पाहिजे. भराई दीड-दोन तासांची, त्याआधी प्रतवारी. तोडणी सकाळी दव उडाल्यावर किंवा दुपारी चारनंतर. भर उन्हात तोडून बांधावर ठेवलेल्या कॅरेटमधले फळ हवेपेक्षाही जास्त तापते. तोडल्यापासून अर्ध्या तासात माल सावलीत आलाच पाहिजे.

मोकळा रस्ता पाहून चालक वेग वाढवतात. समृद्धीवर मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि काँक्रीटवर तापलेला, घासलेला टायर लांब पल्ल्यात फुटतो. टायर आणि हवा निघण्याआधी तपासा. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे की नाही तेही तेव्हाच पाहा, नाक्यावर जादा पैसे भरण्यापेक्षा ते सोपे.

शहराच्या आत

शहरातला रस्ता रुंद, पण तो मोठ्या गाडीला ठरावीक वेळीच खुला असतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड वाहनांना बंदी असते, आणि प्रत्येक आयुक्तालयाची अधिसूचना वेगळी. सणांच्या काळात, विशेषतः गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर, जास्तीची बंदी येते. दूध आणि भाजीपाला बहुतेक वेळा वगळलेला असतो, तरी अधिसूचनेची प्रत चालकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. गाडी सकाळी परत निघणार असेल तर रिकामी गाडी सवलतीत बसत नाही, हेही धरा. उतराई लांबली की परतीची गाडी नाक्यावर तीन-चार तास उभी राहते आणि त्या रात्रीची भराई उशिरा होते.

गाळ्यावर माल माथाडी कामगार उतरवतात. गटाची माणसे पाठवून ते पैसे वाचवायचा प्रयत्न करू नका, तिथे ती पद्धत नाही आणि भांडणात वेळ जातो. हमाली, तोलाई, वाराईचे दर बाजार समितीने ठरवलेले असतात. तो तक्ता मिळवा आणि पट्टीवरची प्रत्येक कपात त्याच्याशी ताडून पाहा. फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत ती वेगळ्या नावाने कापली गेली असेल तर लेखी तक्रार करा. त्याच वर्षी फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकायलाही मोकळीक मिळाली.

त्या मोकळिकीचा फायदा घेऊन थेट सोसायट्यांना किंवा दुकानांना माल द्यायचा असेल, तर शेवटच्या टप्प्याचा खर्च नीट मांडा. तीन टनांची गाडी गल्लीत जात नाही. शहराबाहेर माल उतरवून छोट्या गाड्यांत विभागावा लागतो, म्हणजे एक उतराई आणि एक भराई वाढली. एका छोट्या गाडीने सकाळच्या चार तासांत किती ठिकाणी माल द्यायचा, हा आकडा सगळे ठरवतो. एका थांब्यावर पाच कॅरेट उतरत असतील तर भागते, एकेक कॅरेटसाठी थांबत गेलात तर भाडेच मालाएवढे होते. साखळी दुकानांना देताना उतराईची वेळ ठरलेली असते. ती चुकली की माल परत येतो, प्रतवारीत नाकारलेला मालही परत येतो. नाकारलेला माल जवळच्या कोणत्या बाजारात, कोणाकडे टाकायचा हे आदल्या दिवशी ठरलेले असावे.

परतीची गाडी रिकामी आणू नका. मुंबईची गोदामे भिवंडीकडे आहेत, आणि गावातल्या किराणा दुकानापर्यंत माल पोहोचताना तो वितरक, उपवितरक असा दोन-तीन वेळा उतरतो-चढतो. गावात प्रत्येक दुकानाची मागणी थोडी, अंतर जास्त, म्हणून खर्च वाढतो. गटाने गावातल्या दुकानांची आणि पशुखाद्याची मागणी एकत्र करून परतीच्या गाडीत आणली, तर जाण्याचे भाडे निम्म्यापर्यंत उतरू शकते. फक्त खते आणि कीटकनाशके त्या गाडीत नकोत, कारण त्याच बॉडीत रात्री पुन्हा खायचा माल भरायचा आहे.

शीतगाडी घ्यायची तर

शीतगाडीचे यंत्र गार असलेला माल गार ठेवते. तापलेला माल ते वाटेत गार करू शकत नाही. ३५ अंशांचा माल भरून यंत्र चालू केले की बाहेरचे कॅरेट गार आणि मधले गरम राहतात, आणि भाड्याचे पैसे वाया. आधी पूर्वशीतकरण, म्हणजे भरण्याआधीच माल गार करणे, मगच शीतगाडी. द्राक्षांना शून्य अंशाच्या जवळ न्यावे लागते, केळी १३ अंशांखाली गेली की साल काळी पडते, अर्धवट पिकलेला टोमॅटो १२ अंशांखाली नेला तर नंतर नीट रंगत नाही. त्यामुळे एका गाडीत सगळे मिसळून चालत नाही. पिकणाऱ्या केळ्यांतून किंवा टोमॅटोतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची कोथिंबीर पिवळी होते. सिन्नरहून वाशीला, रात्रीच्या चार तासांच्या प्रवासाला, टोमॅटोसाठी शीतगाडीची गरज नाही. ताडपत्री वरून घट्ट आणि बाजूंनी हवा खेळेल अशी बांधली की पुरते.

कागद

ताज्या भाजीपाल्याला आणि फळांना जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही, आणि शेतमालाच्या वाहतुकीच्या भाड्यावरही जीएसटी माफ आहे. तरी बिल्टी हवीच: माल, कॅरेटची संख्या, वजन, पाठवणारा, घेणारा, गाडी क्रमांक, निघाल्याची वेळ. प्रक्रिया केलेला किंवा पॅकबंद, लेबल लावलेला माल सोबत असेल तर गणित बदलते. ई-वे बिलाची मर्यादा देशभर ५० हजार रुपये असली तरी महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला ती एक लाख आहे, आणि बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी घाटात अडकली तर मुदत वाढवून घ्यायची असते, हे चालकाला सांगून ठेवा.

किलोमागचा खरा खर्च

समजा १५० कॅरेट, ३,००० किलो माल भरला आणि भाडे, टोल, हमाली, कॅरेटची झीज मिळून ९,००० रुपये गेले. बहुतेक जण म्हणतात, किलोला ३ रुपये. पण पूर्ण भावाने विकला गेला २,६४० किलो, तर भागाकार त्याने करायचा: ३ रुपये ४१ पैसे. आणि गेलेले ३६० किलो १५ रुपयांनी धरले तर आणखी ५,४०० रुपये. भाड्यात ५०० रुपये वाचवण्यासाठी घेतलेली जुनी गाडी जर शंभर किलो जास्त माल बिघडवत असेल, तर ती महाग पडली. ३,००० किलोंतले ३६० किलो म्हणजे बारा टक्के, आणि हा आकडा हवेतला नाही. लुधियानाच्या सिफेट या काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात टोमॅटोचे काढणीपासून विक्रीपर्यंतचे नुकसान १२.४४ टक्के आणि पेरूचे १५.८८ टक्के आढळले होते. ते सगळे वाहतुकीतले नसते, तोडणी, प्रतवारी आणि साठवणही त्यात येते. चिंधी बांधलेले कॅरेट त्यासाठीच मोजायचे.

थांबवून ठेवता येणारा माल

कांदा आणि धान्याला वाहतुकीइतकीच साठवण महत्त्वाची. कांदा चाळीत जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, फटी असलेला तळ, कांद्याचा थर पाच फुटांपेक्षा उंच नको आणि रुंदी चार फुटांच्या आसपास, म्हणजे मधल्या कांद्यालाही हवा लागते. रुंदी वाढवली की मधला कांदा तापून सडतो आणि वरून दिसत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवला तर मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी मिळते. नोंदणीकृत गोदामाच्या इलेक्ट्रॉनिक पावतीवर बँकही कर्ज देते. गोदामात माल टाकताना ओलावा मोजून पावतीवर लिहून घ्या, नाहीतर घट कोणाची यावर वाद होतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट अंतरावर.

लांबचा बाजार

७०० ते ८०० किलोमीटरच्या पलीकडे रेल्वेचा विचार करा. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर ही देशातली पहिली किसान रेल निघाली: १,५१९ किलोमीटर, सुमारे ३२ तास. ती चालली कारण एकाच गाडीत अनेकांचा, अनेक प्रकारचा माल, वाटेतल्या अनेक स्थानकांवर चढवता-उतरवता येत होता, आणि भाड्यात ५० टक्के सवलत होती. सवलतीवर चालणारी सेवा कायम धरून पीक लावू नका. आज कोणती गाडी, कोणता पार्सल डबा मिळतो हे स्थानकाच्या पार्सल कार्यालयातून समजून घ्या. पार्सल डबा साधारण २३ टनांचा असतो. एका गटाला तो भरत नाही, तीन-चार गटांनी मिळून घ्यावा. आणि दुसऱ्या टोकाला माल उतरवून घेणारा माणूस आधी ठरवा. फलाटावर उन्हात पडलेला माल ३२ तासांची कमाई दोन तासांत घालवतो.

पूल गेला, रस्ता खचला तर

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, माणसे गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. एका पुलावर सगळा भार असलेल्या मार्गाचे हे असे होते. म्हणून जून महिन्याच्या आत प्रत्येक मार्गाला दुसरा मार्ग लिहून ठेवा: अंतर किती वाढते, कोणती गाडी त्या घाटातून जाऊ शकते, आणि किती वाजता निघावे लागेल. दुसऱ्या मार्गाचे भाडेही वाहतूकदाराशी आधीच ठरवा. आडत्याला आणि जवळच्या तालुक्याच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याला फोन करायची यादी चालकाकडे द्या. मुंबईला जाणे शक्यच नसेल तेव्हा नाशिकला माल उतरवावा लागतो.

गावाचा रस्ता सुधारण्यासाठी नोंदवही हाताशी ठेवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. रस्त्याच्या सुरुवातीला फलक असतो, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख, लांबी आणि ठेकेदाराचे नाव लिहिलेले असते. फलकाचा फोटो काढा. मुदत संपायच्या आत खड्डे आणि खचलेल्या साइडपट्टीचे किलोमीटरसह फोटो, आणि चिंधीच्या कॅरेटमधल्या मोजणीचे आठवड्याचे आकडे जोडून ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज करा. पोहोच घ्या. मोरी अरुंद असेल तर मोजपट्टी धरलेला फोटो आणि हंगामात रोज किती गाड्या तिथून जातात तो आकडा लिहा. पाणंदीसाठी ग्रामसभेत ठराव घेताना, मागच्या हंगामात ट्रॉलीतून किती किलो माल बिघडला आणि त्याचे किती रुपये झाले, हे वाचून दाखवा.